मालगाडीच्या ट्रेन मॅनेजरपदासाठी अर्ज करताय? आधी डोळे तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वेची एनटीपीसी, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांची भरती निघाली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीत क्लासचे फलक झळकतात आणि सायबर सेंटरांत शेवटच्या आठवड्यात गर्दी उसळते. पदवीधरांसाठीच्या या भरतीत मोठा वाटा मालगाडीच्या ट्रेन मॅनेजरपदाचा असतो. २०२४ च्या जाहिरातीत ८११३ पैकी ३१४४ जागा या एकाच पदाच्या होत्या. हा जुना ‘गुड्स गार्ड’च. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाने पदाचे नाव बदलले, काम तेच राहिले. सातव्या वेतन आयोगाची पाचवी पातळी, म्हणजे सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० रुपये. त्यावर महागाई भत्ता आणि गाडीवर असताना मिळणारा रनिंग भत्ता वेगळा, ज्याला रेल्वेत सगळे ‘मायलेज’ म्हणतात.

जागा जास्त दिसतात म्हणून डोळे मिटून हे पद पहिल्या पसंतीला टाकले जाते. नेमके डोळेच या पदाला सर्वांत जास्त लागतात. क्लासच्या पत्रकांत गणित आणि बुद्धिमापनाच्या युक्त्या पानभर असतात, पण जाहिरातीतल्या वैद्यकीय दर्जाच्या रकान्याचा उल्लेख क्वचित दिसतो. त्या रकान्यात या पदासमोर ‘ए-२’ लिहिलेले असते. कारकुनी पदांना ‘सी-२’ चालतो, स्टेशन मास्तरला मात्र ‘ए-२’च लागतो.

ए-२ म्हणजे चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी लांबचे ६/९ दिसले पाहिजे. जवळचेही चष्म्याशिवाय ०.६ च्या प्रमाणात वाचता आले पाहिजे. याशिवाय रंग ओळखणे, दोन्ही डोळ्यांची एकत्रित दृष्टी, नजरेचा आवाका, रात्रीची दृष्टी आणि संधिप्रकाशातली दृष्टी यांच्या वेगळ्या चाचण्या होतात. चष्मा लावून ६/६ दिसते, हा युक्तिवाद इथे चालत नाही. ज्याला कॉलेजात मागच्या बाकावरून फळा चष्म्याशिवाय वाचता येत नव्हता, त्याने अर्जाआधी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन ६ मीटरचा तक्ता चष्मा काढून वाचावा आणि आकडे कागदावर लिहून घ्यावेत. चष्मा घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घेतली की प्रश्न सुटला, असेही कोणी समजू नये. असिस्टंट लोको पायलटच्या जाहिरातीत अशा शस्त्रक्रियेला स्पष्ट मनाई असते आणि ती झाली आहे हे डोळ्यांच्या तपासणीत कळते. तेव्हा आपल्या जाहिरातीतली वैद्यकीय टीप वाचण्यापूर्वी शस्त्रक्रियेवर पैसे घालू नयेत.

रंगांधळेपणाचे प्रकरण अधिक फसवे आहे. तो बहुधा जन्मजात असतो, पुरुषांमध्ये जास्त आढळतो, आईकडून मुलाकडे येतो आणि ज्याला असतो त्यालाच बहुधा ठाऊक नसतो. पिकलेली आणि कच्ची मिरची एका झाडावर पटकन वेगळी दिसत नसेल, किंवा आजोळच्या आजोबांना वा मामाला हा दोष असेल, तर इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या आधी वाचून पाहाव्यात. कोणत्याही बऱ्या नेत्रालयात हे दहा मिनिटांचे काम आहे. या दोषावर औषध नाही. वैद्यकीय तपासणीत ए-२ मध्ये अपात्र ठरलेल्याला त्याच भरतीत दुसरे पद देण्याची सोयही नाही. दोन परीक्षा आणि दीड-दोन वर्षे घालवून हे रेल्वेच्या दवाखान्यात कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. दोष निघालाच तर पसंतीक्रमात ए-२ ची पदे सोडून बी-२ आणि सी-२ ची पदे भरता येतात.

आता कागदांकडे. सीमाभागातल्या मुलांची खरी ओढाताण इथे होते, कारण घरात तीन भाषांचे व्यवहार एकत्र नांदत असतात. शाळेचा दाखला मराठीत, नाडकचेरीचा (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयाचा) कागद कन्नडमध्ये आणि रेल्वेचा अर्ज इंग्रजीत.

नावापासून सुरुवात करू. अर्जातले नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या मार्क्स कार्डाप्रमाणे हवी. आपल्याकडे एस.एस.एल.सी.च्या कार्डावर कधी ‘पाटील संतोष बी’ असते, कधी वडिलांचे नाव ‘बाळाप्पा’ तर आधारवर ‘बाळासाहेब’, कधी आडनावाच्या जागी गावाचे नाव. आता अर्ज भरताना आधार पडताळणीवर भर असतो आणि दहावीचे कार्ड व आधार यांत अक्षराचाही फरक नसावा अशी सूचना असते. आधार दुरुस्त करायचे तर दहावीच्या कार्डाला धरून करावे, कारण जुने मार्क्स कार्ड बदलून घेणे मंडळाकडे फार लांबते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा कागद जवळ ठेवावा. बेळगावात एकच माणूस तीन नावांनी नांदतो, ही आपल्याकडची जुनी गंमत आहे. कागद तपासणाऱ्या कारकुनाला त्यात गंमत दिसत नाही.

जातीच्या दाखल्यात घोळ जास्त. कर्नाटकातले २-ए, २-बी, ३-ए, ३-बी हे प्रवर्ग राज्याचे आहेत. रेल्वे केंद्राची, म्हणून तिथे केंद्राच्या ओबीसी यादीत कर्नाटकासमोर आपल्या जातीचे नाव आहे का एवढेच पाहिले जाते. राज्यात ३-बी आहे म्हणून केंद्रात ओबीसी असेलच असे नाही, आणि यादीत जात ज्या स्पेलिंगने व पोटनावाने लिहिली आहे तसेच दाखल्यावर यायला हवे. नाडकचेरीत नुसता ‘जात व उत्पन्न दाखला’ मागितला की राज्याच्या नमुन्यातला, आर.डी. क्रमांकाचा कागद हातात पडतो. तो कॉलेजच्या शिष्यवृत्तीला चालतो, रेल्वेला चालत नाही. अर्ज करतानाच ‘केंद्र सरकारच्या नोकरीसाठी, नॉन-क्रिमी लेअर, केंद्राच्या नमुन्यात’ असे सांगावे आणि जाहिरातीला जोडलेला नमुना छापून सोबत न्यावा. क्रिमी लेअरची ८ लाखांची मर्यादा मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. हे माहीत नसल्यामुळे पात्र घरातली मुले खुल्या गटातून अर्ज भरतात.

केंद्राच्या यादीत जात नसेल तर आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा मार्ग उरतो. इथे मात्र कुटुंबाचे सगळे उत्पन्न धरतात, शेती आणि पगारासकट, आणि ते वर्षाला ८ लाखांच्या आत हवे. शेतजमीन ५ एकर किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. खानापूर तालुक्यात एकत्र कुटुंबाच्या उताऱ्यावर मोठे क्षेत्र दिसते, वाटण्या तोंडी झालेल्या असतात आणि तलाठी उतारा पाहून नाही म्हणतो. वाटणीची नोंद करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून हे काम जाहिरात येण्याआधीच हाती घ्यावे. दाखला मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर आणि जाहिरातीत सांगितलेल्या वर्षासाठीच चालतो. गेल्या भरतीचा कागद या भरतीला लावू नये.

सीमेपलीकडे नातेसंबंध असलेल्या घरांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. जात वडिलांच्या मूळ राज्यावरून ठरते. वडील बेळगाव जिल्ह्यातले आणि मुलगा शिकायला कोल्हापुरात मामाकडे होता, म्हणून महाराष्ट्राचा दाखला काढला, तर तपासणीत तो टिकत नाही. चंदगडची मुलगी लग्न होऊन खानापुरात आली तरी तिचा दाखला माहेरचाच, नवऱ्याच्या नावावरचा नव्हे. कन्नड किंवा मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचे इंग्रजी वा हिंदी भाषांतर स्वतःच्या सहीने जोडावे लागते. पदवीचा निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत लागलेला असला पाहिजे. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल बाकी असलेल्याने अर्ज करून शुल्क घालवू नये. वयाची मर्यादा एरवी १८ ते ३३ असते. २०२४ मध्ये ३६ होती ती कोविडमुळे दिलेली एकवेळची सवलत. ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षे वाढीव मिळतात.

कोणत्या भरती मंडळाकडे अर्ज करायचा, हा प्रश्न आपल्या भागाला विशेष लागू आहे. देशभरातून कोणीही कोणत्याही मंडळाकडे अर्ज करू शकतो, रहिवासाची अट नाही. पण एका जाहिरातीत एकच मंडळ, आणि एकदा निवडले की बदल नाही. दोन मंडळांकडे वेगवेगळ्या ईमेलवरून अर्ज केला तर दोन्ही बाद होतात. बेंगळुरू मंडळ दक्षिण पश्चिम रेल्वेसाठी भरती करते, म्हणजे हुबळी, बेंगळुरू आणि म्हैसूर हे डिव्हिजन. मिरजेच्या पुढे कुडचीपासून घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा आणि कॅसलरॉकपर्यंतचा आपला मार्ग हुबळी डिव्हिजनमध्ये येतो. मुंबई मंडळ निवडले तर मध्य रेल्वे मिळू शकते आणि तिच्या पुणे डिव्हिजनमध्ये मिरज-कोल्हापूर येते. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर हुबळीपेक्षा जवळ. मात्र मध्य रेल्वेत भुसावळ आणि नागपूरही आहेत, आणि दक्षिण पश्चिममध्ये बेंगळुरूही. घरापासून जवळ नेमणूक मिळेल हे कोणतेही मंडळ कबूल करत नाही. नंतर स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या डिव्हिजनला बदली घेतली तर तिथल्या ज्येष्ठता यादीत तळाशी बसावे लागते, हेही आज विचारात घ्यावे. निवड करताना त्या मंडळातल्या आपल्या प्रवर्गाच्या, याच पदाच्या जागा मोजाव्यात. एकूण आकडा पाहून उपयोग नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी एक गोष्ट ठळक सांगायला हवी. बेंगळुरू मंडळाकडे अर्ज केला तरी संगणकावरची परीक्षा मराठीत देता येते. परीक्षेच्या १५ भाषांत मराठी, कन्नड आणि कोंकणी तिन्ही आहेत आणि निवड मंडळावर अवलंबून नाही. अर्जात भाषेच्या रकान्यात मराठी निवडावी लागते, नाहीतर इंग्रजी धरली जाते. प्रश्न निवडलेल्या भाषेत आणि इंग्रजीत असे दोन्ही दिसतात. दोहोंत तफावत असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम, म्हणून गणिताच्या प्रश्नात शब्द अडला की इंग्रजी ओळ वाचायची सवय ठेवावी.

अर्ज शक्यतो स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या ईमेलने भरावा. सेंटरवाल्याचा ईमेल आणि मोबाइल टाकून अर्ज होतो खरा, पण पुढचा प्रत्येक निरोप तिकडेच जातो आणि खात्यातल्या या नोंदी नंतर बदलता येत नाहीत. इतर चुका दुरुस्त करायला प्रत्येक वेळी २५० रुपये पडतात. सर्वसाधारण गटाचे शुल्क ५०० रुपये, त्यातले ४०० पहिल्या परीक्षेला बसल्यावर परत मिळतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक आणि आर्थिक मागासांना (ईबीसी, ईडब्ल्यूएस नव्हे) २५० रुपये, ते बँकेचा खर्च वगळता सगळे परत. परताव्यासाठी स्वतःचे किंवा आईवडिलांचे खाते द्यावे आणि आयएफएससी दोनदा तपासावा. फोटो अलीकडचा, टोपी आणि गॉगल नसलेला. सही सलग वळणाची, रोजची. मोठ्या सुट्या इंग्रजी अक्षरांत केलेली सही नाकारली जाते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना परीक्षेला जायला स्लीपर वर्गाचा मोफत प्रवास मिळतो, पण त्यासाठी अर्जातच पर्याय निवडून दाखला चढवावा लागतो. केंद्र बेळगावलाच मिळेल असे नाही. शहर साधारण दहा दिवस आधी कळते, प्रवेशपत्र चार दिवस आधी. बोटांचे ठसे घेतात म्हणून लग्नसराईत परीक्षा असेल तर मेंदी टाळावी.

परीक्षेबद्दल थोडक्यात. पहिल्या टप्प्यात ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यात सामान्य ज्ञान ४०, गणित ३०, बुद्धिमापन ३०. दुसऱ्यात तेवढ्याच वेळेत १२० प्रश्न, म्हणजे ५०, ३५ आणि ३५. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. पहिला टप्पा फक्त चाळणीचा, गुणवत्ता यादी दुसऱ्यावर. स्टेशन मास्तरला संगणकावरची वेगळी अभियोग्यता चाचणी असते आणि टंकलेखकांना टायपिंग. ट्रेन मॅनेजरला दोन्ही नाहीत. म्हणूनच दुसऱ्या टप्प्यातला एकेक गुण इथे महाग पडतो आणि अंदाजाने ठोकलेली उत्तरे नडतात. गुण वाढवून देतो, नेमणूक करून देतो असे सांगणारा मध्यस्थ भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. मंडळांनी एजंट नेमलेले नसतात.

आता हे काम कसले असते तेही लिहितो, कारण ‘डब्यात बसून पगार’ अशी एक समजूत पसरली आहे. मालगाडीला वेळापत्रक नसते. बोलावणे फोनवर येते, रात्री दोनलाही. लॉबीत, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या हजेरी कार्यालयात, हजेरी आणि श्वासाची मद्यचाचणी झाल्यावर हिरवा-लाल झेंडा, तीन रंगांचा हातदिवा, शिटी, घड्याळ, किमान दहा डिटोनेटर (रुळावर ठेवायचे, चाकाखाली मोठ्याने वाजणारे इशाऱ्याचे फटाके) आणि नियमपुस्तिका असा संच घेऊन गाडीकडे चालायचे. बॉक्सएन प्रकारचा एक डबा १०.७ मीटरचा, असे ५८ डबे म्हणजे ६२० मीटर खडी, आणि ती बहुधा अंधारात. डबे जोडणारे कपलिंग, ब्रेकच्या नळ्या, त्या नळ्यांच्या झडपा म्हणजे अँगल कॉक उघडे आहेत का, हातब्रेक सुटले आहेत का, दारे बंद आहेत का, हे पाहत जायचे. ब्रेक पॉवर प्रमाणपत्रावरची डब्यांची संख्या आणि वैधता प्रत्यक्षाशी जुळवायची. मग ब्रेकव्हॅनमधल्या, म्हणजे गाडीच्या शेवटच्या आपल्या डब्यातल्या मापकावर ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब पाहायचा. इंजिनाशी ५ किलो असताना ५६ डब्यांपर्यंतच्या गाडीत शेवटी किमान ४.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर यायला हवा. त्यानंतर ब्रेकव्हॅनमधून दाब थोडा सोडून इंजिनात तो उतरतो का, हे लोको पायलटला विचारायचे. मधला एखादा अँगल कॉक बंद राहिला असेल तर तो इथेच सापडतो. हे न करता गाडी निघाली, तर मागच्या डब्यांना ब्रेक लागत नाही हे उतारावर कळते.

आपल्याकडे कॅसलरॉक ते कुळेम हा घाट १ : ३७ चढणीचा आहे, म्हणजे ३७ मीटर जाताना एक मीटर उंची बदलते. भरलेल्या मालगाडीला तिथे बँकर, म्हणजे घाटापुरती जोडलेली मदतीची इंजिने लागतात. पावसाळ्यात दरडी आणि धुके. सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी तुटली किंवा रुळावरून उतरली आणि शेजारच्या मार्गात अडथळा आला, तर पहिले काम त्या मार्गाचे संरक्षण. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक डिटोनेटर आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन, हातात लाल दिवा. मागे उरलेल्या डब्यांचे हातब्रेक आवळणे हेही याच माणसाकडे. मदत येईपर्यंत तो बहुधा एकटाच असतो. अनेक ब्रेकव्हॅनमध्ये पंखा नाही, शौचालय नाही. मुलींना या पदाला मनाई नाही, पण ही बाब अर्जाआधी त्यांना कोणी सांगत नाही.

विश्रांतीचे नियम आहेत. आठ तास किंवा जास्त ड्युटी झाली तर मुख्यालयात १६ तास, बाहेरगावी ८ तास, शिवाय महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच सुट्या. तरी झोपेची वेळ रोज बदलते. बाहेरगावी मुक्काम रनिंग रूममध्ये. निवडीनंतर प्रशिक्षण, मग मार्ग शिकण्यासाठी फेऱ्या, त्यांत रात्रीची एक तरी, आणि त्यानंतरच एकट्याने गाडी. डोळ्यांची तपासणी नोकरीभर सुटत नाही. वयाच्या ४५ पर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. बढतीची वाट मात्र सरळ आहे, मालगाडीवरून पॅसेंजर आणि पुढे मेल-एक्स्प्रेस. मूळ वेतनाच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम काही हिशेबांसाठी वेतन म्हणून धरतात, हा रनिंग कर्मचाऱ्यांचा जुना लाभ आजही आहे.

सीमाभागातल्या मुलांची एक जमेची बाजू क्लासवाल्यांच्या लक्षात येत नाही. हुबळी डिव्हिजनमध्ये गँगमन, पॉइंट्समन, स्टेशन मास्तर यांच्याशी वॉकीटॉकीवर कन्नड आणि हिंदी दोन्हीत बोलावे लागते. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्याला ते शिकावे लागत नाही. जे पदवीधर आधीच ट्रॅक मेंटेनर किंवा पॉइंट्समन म्हणून रेल्वेत आहेत, त्यांनी खुल्या भरतीबरोबर खात्यांतर्गत जीडीसीई परीक्षेच्या सूचनाही फलकावर पाहत राहाव्यात. तिथे स्पर्धा फक्त आपल्या झोनमधल्यांशी असते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. पुढची जाहिरात आली की शिक्षण पानावर जागांच्या आकड्याशेजारी पदाचा वैद्यकीय दर्जाही छापावा. आणि आधार दुरुस्ती, केंद्राच्या नमुन्यातला दाखला व शेतीच्या वाटणीची नोंद, यासाठी जाहिरातीची वाट पाहू नये. अर्जाची मुदत महिनाभराची असते आणि नाडकचेरीत तेवढ्यात तिन्ही कागद होत नाहीत.

आपले,
रेल्वेच्या ऑपरेटिंग खात्यातील काही निवृत्त कर्मचारी,
खानापूर, जि. बेळगाव